वापर वाईट म्हणून वस्तूवरच बंदी?

प्रश्न: ताई, पोलिसांचं स्पीड रडार आधीच हेरणारे डिटेक्टर, जीपीएस बंद पाडणारे जॅमर, चावीशिवाय कुलूप उघडायची हत्यारं, हे सगळं घेतातच मुळी कायदा मोडायला. मग विकू का देतात? सरळ बंदी का नाही?

उत्तर: वैताग कळतो तुमचा, पण 'बहुतेक लोक कशाला वापरतात' ही फूटपट्टी मला काही पटत नाही. सोनीच्या बेटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरवर युनिव्हर्सल आणि डिस्नेने केस टाकलेली, म्हणणं असं की लोक यावर आमचे कार्यक्रम फुकटात कॉपी करतात. १९८४ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की मशीनचा रीतसर उपयोगही बऱ्यापैकी होत असेल तर विकणाऱ्याला दोषी धरता येणार नाही. म्हणजे एका मताने वाचलं बघा, आणि गंमत अशी की नंतर याच स्टुडिओंनी कॅसेटी विकून बक्कळ कमावलं!

जॅमरचं मात्र वेगळं आहे. तो चालू केला की आसपासच्या सगळ्यांचा सिग्नल जातो, तुमचा हेतू काही का असेना. अमेरिकेत एका ट्रक ड्रायव्हरने मालकाला आपण कुठे आहोत ते कळू नये एवढ्यासाठी जीपीएस जॅमर लावला आणि नेवार्क विमानतळाजवळ आल्यावर तिथल्या विमानं उतरवायच्या जीपीएस सिस्टीममध्येच गडबड व्हायला लागली, शेवटी २०१३ला त्याच्यावर जवळपास ३२ हजार डॉलरच्या दंडाची नोटीस निघाली. अशा वस्तूवर बंदीच हवी, आणि तिथे ती आहेही.

कुलपाची हत्यारं चावीवाल्याला रोज लागतात, ती बंद करून कसं चालेल? जपानने २००३ला कायदा केला की अशी खास हत्यारं योग्य कारणाशिवाय जवळ बाळगायची नाहीत, मला हे बरं वाटतं. रडार डिटेक्टर? 'त्याने ड्रायव्हर सावध राहतो' हे विकणाऱ्यांचं म्हणणं ऐकून हसूच येतं, तरी अमेरिकेत खासगी गाडीत तो बहुतेक राज्यांत चालतो, व्हर्जिनियात नाही. माझं मत विचाराल तर व्हर्जिनियाचंच बरोबर.

आणि हो, विकणारा काय सांगून विकतो तेही बघा. ग्रोकस्टर या फाइल शेअरिंगवाल्या कंपनीला २००५ला त्याच कोर्टात बेटामॅक्सचा आधार घेऊन सुटता आलं नाही, कारण ती लोकांना कॉपी करायला चक्क उत्तेजन देत होती. या वेळी निकाल एकमताने होता.