स्टुटगार्टला जाताना मुलीसाठी बालरोगतज्ज्ञ कसा शोधावा

सप्रेम नमस्कार,

तुम्ही नाशिकच्या इंदिरानगरहून विचारले आहे की पतीची बदली सातपूरहून जर्मनीतल्या स्टुटगार्टला झाली आहे, दोन-अडीच महिन्यांत निघायचे आहे आणि मुलगी आत्ता सात महिन्यांची आहे. ती तुमच्या कुशीत झोपते, अंगावर पिते, घरात मांसाहार नाही, रोज तेल लावून मालीश होते, तर या गोष्टींना नावे न ठेवणारा बालरोगतज्ज्ञ तिकडे कसा शोधावा. मी गंगापूर रोडची. नऊ वर्षांपूर्वी थोरल्याला कडेवर घेऊन मी याच भागात आले आणि धाकटी इथेच जन्मली, त्यामुळे हा प्रश्न मला अगदी जवळचा आहे आणि थोडे विस्ताराने लिहीत आहे.

सर्वांत आधी एक अडचण सांगते, कारण तिची कल्पना नसल्यामुळे आमचे दोन महिने वाया गेले होते. नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या एका डॉक्टरांशी पटले नाही, तर त्याच संध्याकाळी दुसरीकडे नंबर लावता येतो. इथे कायद्याने डॉक्टर निवडण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आहे, पण अनेक बालरोगतज्ज्ञ नवीन मुले घेतच नाहीत. त्याला इथे 'आउफनामेश्टॉप' म्हणतात आणि हा शब्द तुमच्या कानावर वारंवार पडेल. म्हणून घराचा पत्ता निश्चित झाला की, मुलगी ठणठणीत असतानाच, शोध सुरू करा. फोन सकाळी करा. तो डॉक्टर उचलत नाहीत, दवाखान्यातल्या मदतनीस बाई उचलतात, आणि डॉक्टरांना इंग्रजी येत असले तरी या बाईंना येईलच असे नाही. त्यामुळे 'नेमेन झी नॉये पात्सिएंटेन आउफ?', म्हणजे 'आपण नवीन रुग्ण घेता का?', एवढे वाक्य पाठ करून या. फोनवर नकार आला तरी मुलीला घेऊन एकदा प्रत्यक्ष जा, कारण आमचे काम तसेच झाले. तेही जमले नाही तर ११६११७ या क्रमांकाची सेवा आणि तुमची आरोग्य विमा संस्था, दोघेही डॉक्टर मिळवून देण्यास मदत करतात. सार्वजनिक विमा घेतलात तर मुलीचा विमा सहसा वेगळा हप्ता न भरता पालकाच्या विम्यात येतो, मात्र तो डॉक्टर सार्वजनिक विम्याचे रुग्ण घेतो ना, हे आधी विचारावे. काही दवाखाने केवळ खासगी विम्याचे असतात.

आता मूळ प्रश्नाकडे येते. थोरल्याच्या तपासणीच्या वेळी आमच्या पहिल्या डॉक्टरांनी संगणकाकडे पाहतच विचारले, मूल कुठे झोपते. आमच्याजवळ, असे मी म्हणताच 'ते बंद करा' एवढेच उत्तर आले आणि पुढचा प्रश्न सुरू झाला. मी घरी येऊन रडले, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वेळी खोटे बोलले. धाकटीच्या वेळी आम्ही दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी तोच प्रश्न विचारला, पण उत्तर ऐकून पेन खाली ठेवले आणि विचारत गेल्या: गादी कडक आहे की मऊ, बाळ भिंतीकडे की मधे, घरात कोणी सिगारेट ओढते का, पांघरूण काय असते. मी मोबाइलवर फोटो दाखवला. माझ्या आईने जुन्या लुगड्यांची शिवून दिलेली गोधडी त्यात बाळाच्या गळ्यापर्यंत आलेली दिसत होती. त्यांनी गोधडीवर बोट ठेवले आणि सांगितले की पहिल्या वर्षात झोपेत होणाऱ्या अचानक मृत्यूचा धोका असतो, बाळाने उताणे, आईवडिलांच्याच खोलीत पण स्वतःच्या गादीवर झोपावे आणि तोंडावर येईल असे पांघरूण किंवा उशी जवळ नसावी. त्या म्हणाल्या, मुलगी हाताशी हवी असेल तर मोठ्या पलंगाला जोडता येणारा छोटा पलंग मिळतो, तो घ्या आणि पांघरुणाऐवजी तिच्या अंगात झोपेची पिशवी घाला. आम्ही तसे केले. गोधडी जमिनीवर अंथरली आणि धाकटी त्याच गोधडीवर रांगायला शिकली.

या दुसऱ्या बाईंनीही मला नाहीच म्हटले होते, हे लक्षात घ्या. म्हणून दवाखान्यात जाऊन 'तुम्हाला हे मान्य आहे का' असे विचारू नका; आमच्या घरी असे असे चालते, हे साधेपणाने सांगा आणि समोरचा माणूस पुढे काही विचारतो का ते पाहा. जो आधी विचारतो आणि मग कारण देऊन नकार देतो, त्याच्याकडे टिकून राहा.

ही कसोटी तुम्हाला लवकरच लावता येईल. इथे मुलांच्या ठरलेल्या वयाच्या तपासण्या असतात, त्यांना यू-१ ते यू-९ म्हणतात, आणि त्यांची नोंद एका पिवळ्या वहीत होते. तुमच्या मुलीची पहिली तपासणी बहुधा यू-६ असेल, ती दहाव्या ते बाराव्या महिन्यात होते. स्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तिथे या तपासण्या पालकांवर बंधनकारक आहेत. झोप, आहार, दात, घरातले अपघात असे सगळे प्रश्न त्यात येतात. ही आपली उलटतपासणी आहे असे मला सुरुवातीला वाटत असे, परंतु हे प्रश्न सगळ्याच पालकांना विचारले जातात.

शाकाहाराबद्दल तुम्हाला नक्की विचारतील, कारण इथे बाळाच्या पहिल्या जेवणात बटाटा, भाजी आणि मांस एकत्र शिजवण्याची पद्धत आहे आणि डॉक्टरांना लोहाची काळजी असते. नाचणी म्हणजे काय हे आमच्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते. मी तीन दिवसांची वही लिहून नेली: सकाळी नाचणीसत्त्व किती चमचे, दुपारी मुगाच्या डाळीची खिचडी किती, त्यावर लिंबू पिळले की नाही, दही, तूप, अंगावरचे दूध किती वेळा. ती वही त्यांनी शेवटपर्यंत वाचली, लिंबामुळे डाळीतले लोह अंगी लागायला मदत होते म्हणून ते रोज घालायला सांगितले आणि बी-१२ या जीवनसत्त्वाचा विषय काढला. आम्ही दूध-दही खातो म्हटल्यावर त्यांचे समाधान झाले. अंगावर पाजण्याबद्दल वर्षानंतरही कोणी काही बोलले नाही.

लसीकरण मात्र मी निवडीचा विषय मानत नाही. लसी पुढे ढकलू देणारे डॉक्टर इथेही सापडतात आणि त्यांचे वागणे फार गोड असते. केवळ त्या गोडव्यासाठी त्यांच्याकडे जाऊ नका. शिवाय १ मार्च २०२० पासून इथे गोवर संरक्षण कायदा लागू आहे: पाळणाघरात जाणाऱ्या एक वर्षावरील मुलाला गोवरची एक आणि दोन वर्षांवरील मुलाला दोन मात्रा झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून नऊ महिन्यांची लस नाशिकमध्येच, विमानात बसण्यापूर्वी घ्या आणि ती एमआर (गोवर-रुबेला) होती की एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला), हे कार्डावर स्पष्ट लिहून घ्या, कारण सरकारी एमआरमध्ये गालगुंडाची लस नसते. पहिली मात्रा इतक्या लवकर झालेली असली की दुसरी इथे वर्ष पूर्ण होताच देतात. बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचीही तारीख लिहून घ्या. जर्मनीत १९९८ पासून तिची शिफारस नाही, त्यामुळे दंडावरचा व्रण पाहून तरुण डॉक्टर चौकशी करतात.

मालीशीला इथे कोणाचीच हरकत नसते. सुईणी तर ती शिकवतात. पंचवटीहून आमच्याकडे येणाऱ्या मालीशवाल्या बाई बाळाला पाय धरून उलटे करत, ते मात्र कोणत्याही डॉक्टरांना पटणार नाही आणि मलाही आता पटत नाही. काजळ आणि बाळगुटी बंद करा. काजळात शिसे असू शकते, आणि गुटी मधात उगाळून देत असाल तर वर्षाच्या आत मध देणे धोक्याचे आहे. हे नाशिकचे डॉक्टरही सांगतात. आपण तिथे आजीच्या भिडेखातर ऐकत नाही, एवढेच.

एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर आणि ढुंगणावर जन्मतः निळसर डाग असतात आणि ते काही वर्षांत आपोआप फिके होतात. माहिती नसलेल्या माणसाला ते मुका मार लागल्यासारखे दिसतात. धाकटीच्या पाळणाघरात पहिल्याच आठवड्यात ताईंनी मला बाजूला घेऊन त्याबद्दल विचारले होते. त्यांचे विचारणे योग्यच होते, पण माझे हातपाय गार पडले. सुदैवाने डॉक्टरांनी पिवळ्या वहीत जागेसह नोंद केलेली होती. ते पान दाखवल्यावर विषय संपला. तुमच्या मुलीला असे डाग असतील तर पहिल्याच भेटीत ही नोंद मागून घ्या.

सर्दी-तापासाठी गेलात आणि रिकाम्या हाताने परत आलात, तर डॉक्टरांनी लक्ष दिले नाही असे समजू नका. विषाणूजन्य तापाला प्रतिजैविक द्यायचे नाही, नाकात थेंब घाला, पाणी पाजा, दोन दिवसांनी पुन्हा दाखवा, असेच इथे सांगतात.

पहिले डॉक्टर मनाला पटले नाहीत तर बदलता येतात. विम्याचे कार्ड दर तिमाहीला नव्याने वाचले जाते, म्हणून बदल नव्या तिमाहीत करणे सोयीचे पडते. दुसरीकडे जागा पक्की होईपर्यंत पहिली मात्र सोडू नका.

निघण्यापूर्वी तुमच्या नाशिकच्या डॉक्टरांकडून लसींची नावे, तारखा आणि बॅच क्रमांक, जन्माचे आणि आत्ताचे वजन, उंची, डोक्याचा घेर आणि काही ॲलर्जी असेल तर ती, असे सर्व इंग्रजीत, सही-शिक्क्यासह एका कागदावर घ्या. तो कागद मोठ्या सुटकेसमध्ये टाकू नका; मुलीच्या लंगोटांच्या पिशवीत, हाताशी ठेवा, कारण आमची सुटकेस तीन दिवस उशिरा आली होती आणि थोरल्याला दुसऱ्याच दिवशी ताप भरला होता.