मिरचीचा लाल, सोन्याचा पिवळा आणि स्वस्तातला एलईडी

दसरा उलटला की दिव्यांचे प्रश्न वाढतात. कुणाला दिवाळीच्या मालाचे फोटो काढायचे असतात, कुणाच्या लग्नाच्या तारखा बुक होऊ लागतात. या वेळी आलेल्या प्रश्नांतून सहा निवडले आहेत. बहुतेकांचा सूर एकच आहे: ‘किती वॅटचा घेऊ?’ खरं तर हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो.

प्रश्न : सुकी मिरची आणि लाल तिखट आम्ही व्हॉट्सॲपवरून विकतो. घरातल्या १२ वॅटच्या दोन एलईडी बल्बखाली मोबाइलने फोटो काढतो, पण मिरची विटकरी, कधी काळपट येते. गिऱ्हाईक विचारतं, ‘हाई मिरची जुनी शे का?’ मोठ्या वॅटचा दिवा घेतला तर रंग सुधारेल का?
— मसाले विक्रेती, नंदुरबार

नाही. उजेड वाढेल, लाल वाढणार नाही. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन तो पांढरा केलेला असतो. स्वस्त बल्बच्या या मिश्रणात गडद लाल फार थोडा उतरतो, आणि जो रंग उजेडातच नाही तो मिरची परत कुठून फेकणार? म्हणून ती काळवंडते.

दिव्याच्या खोक्यावर सीआरआय हा आकडा पाहा. १०० म्हणजे रंग अगदी खरे. घरगुती बल्बचा बहुधा ८० असतो. पण यातही एक गोम आहे. सीआरआय ही आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांची सरासरी आहे, गडद लाल त्यात धरलेलाच नाही. तो वेगळा मोजतात, त्याला आर-९ म्हणतात. सीआरआय ८० असलेल्या बल्बचा आर-९ शून्याच्या आसपासही असू शकतो. मिरची, कुंकू, डाळिंब, लाल शालू आणि माणसाची कातडी या सगळ्यांचं भवितव्य आर-९ वर ठरतं. सीआरआय ९५ च्या वर आणि आर-९ ८० च्या वर असा दिवा शोधा, मग तो १५ वॅटचा असला तरी चालेल. आर-९ कुठेच छापलेला नसेल तर तो कमी आहे असं धरून चाला.

नवा दिवा येईपर्यंत फुकटचा उजेड वापरा. ऊन थेट येत नसेल अशा दारापासून दोन फूट आत मिरचीचं ताट ठेवा आणि घरातले बल्ब बंद करा. दाराचा उजेड निळसर, बल्बचा वेगळा. दोन्ही एकत्र आले की मोबाइलला नेमका कुणाचा पांढरा धरायचा ते कळत नाही.

चांगला दिवा आल्यावर उलटी अडचण येईल. लाल इतका भरेल की मिरच्या एकमेकींत विरघळून नुसता लाल डाग दिसेल. पडद्यावर मिरचीवर बोट ठेवा आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढा. सालीवरच्या सुरकुत्या आणि देठाजवळची चकाकी दिसू लागली की थांबा.

प्रश्न : दुकानासाठी पोत, पाटल्या, अंगठ्यांचे फोटो काढायचे आहेत. २२ कॅरेट सोनं फोटोत कधी लिंबासारखं फिकं, कधी हिरवट दिसतं. पाटलीत माझा हात आणि कॅमेरा दिसतो. ६० वॅटचे दोन सीओबी (एकाच मोठ्या चकतीचे एलईडी) दिवे आणि सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) घ्या असा सल्ला मिळाला आहे.
— सराफ, जळगाव

इतका खर्च नको. दागिना हलत नाही, श्वास घेत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ/११ आणि शटर अर्धा सेकंद, दोन सेकंदांचा टायमर लावून. शटर इतका वेळ उघडं असेल तर १२-१५ वॅटचे दोन बल्ब पुरून उरतात. वाचलेले पैसे सीआरआय ९५ च्या बल्बवर आणि बऱ्या ट्रायपॉडवर घाला.

खरी गोष्ट अशी, की सोन्याचा फोटो म्हणजे सोन्यात दिसणाऱ्या खोलीचा फोटो. पाटली हा वाकडा आरसा आहे. समोर पांढरं असेल तर ती उजळते, अंधार असेल तर काळी पडते, तुम्ही लाल शर्ट घातला असेल तर तांबूस होते. त्यामुळे दिवा दागिन्यावर मारायचा नाही. दागिन्याभोवती पांढरं घर उभारायचं आणि त्या घराला बाहेरून उजेड द्यायचा.

दीड-दोन फुटांचं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. डाव्या, उजव्या आणि वरच्या बाजूला कडेचे दोन इंच सोडून खिडक्या कापा आणि त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. सुरकुती राहिली तर ती पाटलीत दिसेल. आत ड्रॉइंग पेपर मागच्या भिंतीवरून तळापर्यंत गोलाईत सोडा, घडी पाडू नका. दोन्ही बाजूंना कागदापासून फूटभर अंतरावर एकेक बल्ब. समोरची बाजूही पांढऱ्या पुठ्ठ्याने बंद करून लेन्सपुरतं भोक ठेवा. हात आणि कॅमेरा दिसण्याची तक्रार तिथेच संपते. ट्रेसिंग पेपरऐवजी धोतराचं कापड चालतं, पण नीळ घातलेलं नको. ती निळसर झाक सोन्यावर उतरते.

इतकं केल्यावर दागिना सपाट, पिठूळ दिसेल. घाबरू नका. काळ्या कागदाच्या अर्धा इंच रुंद पट्ट्या कापा आणि एकेक पट्टी खोक्यात दागिन्याच्या बाजूला, चौकटीबाहेर उभी करून पाहा. पाटलीच्या कडेला एक बारीक गडद रेघ उमटते आणि गोलाई उठून येते. पट्टी बोटभर सरकवली तरी रेघ हलते, म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत बघतच सरकवा. हिऱ्यांना मात्र हा मऊ उजेड मारतो, त्यांना ठिणगी लागते. मागून-वरून एक छोटा उघडा एलईडी, टॉर्चएवढा, फक्त हिऱ्यांपुरता लावा.

आता रंग. ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा कुठला ते कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं) बंद. कॅमेऱ्याला चौकटीत सगळं पिवळं दिसतं, त्याला वाटतं दिवाच पिवळा आहे, आणि तो सोन्यातला पिवळा काढून टाकतो. लिंबू तिथूनच येतं. ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) नसेल तर नळाला गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप एका पुठ्ठ्यावर आठ-दहा थर गुंडाळा. ती रंगाच्या बाबतीत फार तटस्थ असते. झेरॉक्सचा कागद नको, त्यात निळसर चमक आणणारी रसायनं असतात. टेप खोक्यात ठेवून तिच्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, बहुतेक हिरवट झाकही तेव्हाच जाते. आणि दुकानातले शोकेसचे पिवळे स्पॉटलाइट फोटो काढताना बंद करा.

मोबाइल असेल तर ॲपर्चर बदलत नाही. फार जवळ न जाता थोडं मागे सरून २एक्स लेन्स वापरा, दागिना कमी वाकडा दिसतो.

प्रश्न : लग्नाचे फोटो काढतो. फ्लॅश विकून ६० वॅटचा एलईडी घेतला तर फोटो आणि व्हिडिओ दोन्ही भागतील का?
— छायाचित्रकार, शिरपूर

फ्लॅश विकू नका. हिशोब करून पाहा. ६० वॅट म्हणजे सेकंदाला ६० जूल. शटर १/१२५ असेल तर फोटोच्या वाट्याला आले सुमारे अर्धा जूल. कॅमेऱ्यावरचा साधा फ्लॅश पूर्ण ताकदीवर ६०-७० जूल एका झटक्यात ओततो. एलईडी थोडा काटकसरी धरला, तरी तफावत कितीतरी पटींची राहते. मे महिन्यात भरदुपारी अंगणात हळद असेल तर डोक्यावर साधारण १ लाख लक्सचं (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप) ऊन असतं. त्यापुढे ६० वॅट म्हणजे सूर्यापुढे पणती. नवरीला सावलीत घ्या आणि उन्हात एक पांढरी चादर आडवी धरून तिच्यावरून उजेड परतवा.

व्हिडिओसाठी एलईडी जरूर घ्या. एक सावधगिरी: दोन रंगांच्या, म्हणजे बाय-कलर, स्वस्त पॅनेलमध्ये अर्धे मणी पिवळे आणि अर्धे पांढरे असतात. ५६०० केल्विनला, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाला, ठेवलं की अर्धेच जळतात. जाहिरातीतला उजेडाचा आकडा बहुधा मधल्या टप्प्याचा असतो. आणि मांडवाच्या लाल-हिरव्या कापडावरून उजेड परतवू नका, पाहुण्यांचे चेहरे त्या रंगाचे होतील.

प्रश्न : आमचा चार जणांचा ग्रुप अहिराणी गाणी आणि विनोदी प्रवेशांचे व्हिडिओ करतो. ‘६००’ लिहिलेलं एलईडी पॅनेल घेतलं, पण व्हिडिओत आडवे पट्टे सरकतात. आता हातात ६ हजार रुपये आहेत.
— चाळीसगाव

६०० म्हणजे मण्यांची संख्या, वॅट नव्हेत. विचारायचा आकडा म्हणजे एक मीटरवर लक्स किती, आणि तो रिफ्लेक्टर लावून मोजलेला की उघड्या दिव्याचा. ध्यानात ठेवायला सोपं माप: आयएसओ १००, एफ/२.८, शटर १/५० ला सुमारे १००० लक्स लागतात. आयएसओ ८०० केला तर १२५ लक्सही पुरतात. शिवाय अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. म्हणून दिवा मोठा घेण्याआधी जवळ आणा.

पट्ट्यांचं कारण बहुधा असं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. मोबाइल ३० फ्रेम आणि मनाला येईल ते शटर धरतो. प्रो मोडमध्ये २५ फ्रेम, शटर १/५० किंवा १/१०० करा. ‘अँटी-फ्लिकर’ असेल तर ५० हर्ट्झ निवडा. जनरेटरवर असाल तर त्याचे हर्ट्झ लोडप्रमाणे हलतात, पट्टे पुन्हा रेंगाळू लागतात. तिथे बॅटरीवरचा दिवा बरा.

एवढं करूनही पट्टे राहिले तर दोष दिव्याच्या डिमरचा आहे. स्वस्त डिमर उजेड खरोखर कमी करत नाहीत, दिवा वेगाने चालू-बंद करतात. नवा दिवा घेताना दुकानातच तपासा: दिवा आधी १०० टक्के, मग १० टक्क्यांवर ठेवा आणि त्याखाली एक पेन्सिल जोरात हलवा. पेन्सिलीचा सलग धूसर पंखा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या पाच-सात पेन्सिली दिसल्या तर दिवा परत ठेवा. मोबाइलचं स्लो-मोशनही हेच सांगतं.

६ हजारांत तीन दिवे घेऊ नका, एक धड दिवा घ्या. सीआरआय ९५, ४०-६० वॅट, बोवेन्स माउंटचा (पुढे जोडणी अडकवायच्या प्रचलित खाचेचा) असेल तर पुढे कुठलाही सॉफ्टबॉक्स बसतो. बजेट ताणता आलं तर गोडॉक्सच्या एसएल-६० सारख्या दिव्यांची जुनी प्रत बघा, पण घेण्याआधी अर्धा तास चालवून पंखा ऐका. गाण्यावर ओठ हलवायचे तर पंख्याने बिघडत नाही. संवाद असतील तर तो आवाज रेकॉर्ड होतो. दुसऱ्या बाजूला दिव्याऐवजी थर्माकोलची शीट, आणि मागे केसांवर कड यायला घरातला ९ वॅटचा पिवळा बल्ब. रंगीत आरजीबी ट्यूब भिंतीसाठी ठीक, चेहऱ्यावर नको. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी टाका. सॉफ्टबॉक्स लावलेला दिवा पंख्याच्या वाऱ्यानेही आडवा होतो.

प्रश्न : ऑनलाइन क्लास घेते. रिंग लाइटची गोल कडी चष्म्यात दिसते.
— शिक्षिका, धुळे

रिंग लाइट समोरून काढून एका बाजूला, डोक्यापेक्षा हातभर उंच लावा आणि खाली वाकवा. कॅमेरा रिंगच्या मधोमध बसवायची सक्ती नाही. तरी दिसलं तर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला, काचा खाली झुकतात आणि कडी निघून जाते.

प्रश्न : दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत रात्री घोड्यांचे व्हिडिओ करायचे आहेत. बॅटरीवर चालणारा दिवा किती वेळ टिकेल? काळा घोडा तर दिसतच नाही.
— शहादा

एनपी-एफ ९७० प्रकारची (व्हिडिओच्या दिव्यांना लावतात ती) बॅटरी धरा: ७.४ व्होल्ट, ६६०० एमएएच, म्हणजे सुमारे ४९ वॅट-तास. ३० वॅटचा दिवा पूर्ण तेजावर गणिताने दीड तासाहून थोडा जास्त, प्रत्यक्षात सव्वा तास धरा. निम्म्या तेजावर जवळपास दुप्पट. स्वस्त बॅटऱ्यांवर छापलेल्या आकड्यांवर विसंबू नका. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. या मापाच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि वजन ३०० ग्रॅमच्या आसपास भरतं. २०० ग्रॅम भरली तर आत सेलच कमी आहेत. थंडीत दिव्याला त्रास नाही, पण हीच बॅटरी मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका.

घोड्याच्या डोळ्यांत दिवा मारायचा नाही. मालकाला आधी विचारा, दिवा ५ टक्क्यांवर चालू करून हळूहळू वाढवा. एकदम लख्ख उजेड पडला की जनावर बिचकतं, आणि गर्दीत ते परवडत नाही. काळ्या घोड्याचं गणित सराफांच्या पाटलीसारखंच आहे. तुकतुकीत अंगावर उजेड ‘पडत’ नाही, त्यात दिव्याचं प्रतिबिंब दिसतं. छोटा दिवा समोरून मारला तर एक पांढरा ठिपका आणि बाकी काळोख. त्याऐवजी तीन बाय चार फुटांची पांढरी शीट घोड्याच्या कडेला, थोडी मागे उभी धरा आणि दिवा त्या शीटवर मारा. मानेपासून मागच्या मांडीपर्यंत एक लांब उजळ पट्टा उमटतो आणि काळा घोडा काळा राहूनही दिसू लागतो. शीट धरणारा मात्र घोड्याच्या लाथेच्या टप्प्याबाहेर उभा हवा.