परक्या देशाला दुसऱ्या देशातले मतदार खरंच फिरवता येतात का?

तुम्ही विचारलंय की बाहेरचा देश दुसऱ्याच्या निवडणुकीत हात घालतो म्हणजे करतो काय, आणि खेड्यातल्या मतदाराने त्याची काळजी करावी का. मी यवतमाळ जिल्ह्यातला, शाळेत इतिहास शिकवतो आणि घरचं वावरही पाहतो.

आमच्याकडे धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण दोन-दोन पिढ्या चालतं. दोन भावांना भिडवायला बाहेरच्याला नवं काही करावं लागत नाही. रात्री धुऱ्यावरचा एक दगड सरकवला की सकाळी कोर्टकचेरी सुरू.

21 मे 2016 ला अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात असाच दगड सरकवला गेला. फेसबुकवर 'हार्ट ऑफ टेक्सास' नावाचं एक पेज होतं आणि 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका' नावाचं दुसरं. पहिल्याने तिथल्या इस्लामी केंद्राविरुद्ध निदर्शनाला लोक बोलावले. दुसऱ्याने त्याच दिवशी, त्याच जागी, केंद्राच्या बाजूने. लोक आले, रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांवर ओरडले. दोन्ही पेजं रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या, खोटी खाती चालवणाऱ्या 'इंटरनेट रिसर्च एजन्सी'तून चालत होती. जाहिरातींचा खर्च सुमारे 200 डॉलर. ओरडणारे मात्र खरे अमेरिकन होते आणि त्यांचा रागही खरा होता. मला यातलं हेच सगळ्यात जास्त सलतं.

हे इंटरनेटमुळे सुरू झालं असं समजू नका. 1948 मध्ये इटलीत कम्युनिस्ट निवडून येऊ नयेत म्हणून सीआयए या अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने तिथल्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला गुपचूप पैसा पुरवला. त्याच वेळी अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियन लोकांकडून गावाकडच्या नातेवाइकांना पत्रं गेली. पुष्कळांना मजकूर तयारच मिळत होता, खाली फक्त सही करायची. परक्या सरकारचं पत्रक चुलीत गेलं असतं. मामाचं पत्र घरभर वाचून दाखवलं जातं. डव्ह लेव्हिन या अभ्यासकाने 1946 ते 2000 या काळातले या दोन महासत्तांचे असे हस्तक्षेप मोजले: 117, त्यातले 81 अमेरिकेचे, 36 सोव्हिएत संघाचे किंवा नंतरच्या रशियाचे. म्हणून सगळं खापर एकाच देशावर फोडणारे लेख मला पटत नाहीत.

मतं किती फिरतात? 2023 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात 2016 च्या अमेरिकी निवडणुकीतल्या रशियन ट्विटर खात्यांचा मतांवर मोजता येईल असा परिणाम सापडला नाही. पण रोमानियात 6 डिसेंबर 2024 ला घटनात्मक न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाची पहिली फेरीच रद्द केली. टिकटॉकवरून अचानक वर आलेला उमेदवार आणि त्यामागे परकीय हाताचा संशय. तो संशय खरा धरा की खोटा, लाखो लोकांनी रांगेत उभं राहून दिलेलं मत वाया गेलं. मी नुकसान त्यात मोजतो.

आता आमच्या गावचं सांगतो. 26 एप्रिल 2024 ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. त्याच्या आठवडाभर आधी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दंगलीची एक क्लिप आली, शेजारच्या तालुक्यातली म्हणून. तिच्यातल्या दुकानांच्या पाट्यांवरची लिपी मराठी नव्हतीच. ती कोणी परदेशातून सोडली असा माझा दावा नाही. पण पानठेल्यावर रोज सोबत बसणारे दोघे त्या दिवसापासून बोलेनासे झाले. मी माग काढत गेलो. आमच्या गावातल्या एकाला ती साळ्याकडून आली, साळ्याला पुण्याच्या मित्राकडून, मित्राला कुठल्याशा ग्रुपवरून. तिथे माग तुटला. प्रत्येकाने पाठवणाऱ्याच्या नात्यावर भरवसा ठेवला होता; पाट्या कोणीच वाचल्या नव्हत्या.

म्हणून तुमच्या ग्रुपवर असं काही आलं तर पाठवणाऱ्याला फोन करा आणि एवढंच विचारा, "भाऊ, हे तुले कोनं पाठोलं?" दोन-तीनदा विचारलं की पुढच्या वेळी तो स्वतःच आधी चौकशी करतो. आमच्याकडे आता तसं होऊ लागलंय. ते दोघे मात्र अजून बोलत नाहीत. एकाच्या पोराच्या लग्नाची पत्रिका दुसऱ्याच्या घरी मीच नेऊन दिली.