बी.एड.ची इंटर्नशिप अर्धवट ठेवून परदेशी जाऊ का? (माझा अनुभव, जरा लांबलाय)

तुझी पोस्ट तीनदा वाचली. बी.एड.चं दुसरं वर्ष, इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं एम.ए. एज्युकेशनचं ऑफर लेटर हातात, सप्टेंबरात निघायचंय, इंटर्नशिपचे अकरा आठवडे बाकी, आणि कॉलेजचं ऑफिस म्हणतंय, "आल्यावर पूर्ण करा, होऊन जाईल." यातला अकरा हा आकडासुद्धा माझाच आहे. २०१६च्या सप्टेंबरात मी पाच आठवडे भरून, अकरा बाकी ठेवून गेले होते. एकेरीत लिहितेय, चालेल ना? माझ्या दहावीच्या मुलींपेक्षा तू सात-आठ वर्षांनीच मोठी असशील.

व्हिसा, आयएलटीएस, खात्यात २८ दिवस पैसे ठेवणं हे सगळं तू बघितलं असशीलच, त्यावर लिहीत नाही. आणि जाऊ नकोस असंही माझं म्हणणं नाही. जरूर जा. फक्त बी.एड. अर्धवट टाकून जाऊ नकोस.

माझा प्रवेश ऑगस्ट २०१५चा. बी.एड. दोन वर्षांचं झाल्यानंतरची ती पहिली तुकडी, त्यामुळे ऑफिसलाही नियम नवे होते, हे आज मला कळतं. पण तेव्हा मी खिडकीवर जाऊन विचारलं आणि उत्तर मिळालं, "जा हो बिनधास्त, बरेच जण असं करतात." मी आनंदात घरी आले. एक साध्या कागदावरचा अर्ज दिला होता, तो त्यांनी ट्रेमध्ये ठेवला. त्याची पोच मागायला हवी हे डोक्यात आलंच नाही. समोरचा माणूस चांगला बोलत होता, पोच मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं असं मला वाटलं. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच.

नियम असा आहे (शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय परिषदेची, म्हणजे एनसीटीईची, २०१४ची नियमावली): बी.एड. दोन वर्षांचं, पण प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त तीन वर्षांत पूर्ण व्हायला हवं. शाळेतला अनुभव एकूण २० आठवड्यांचा, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी, हीच ती इंटर्नशिप. हे दोन्ही नियम एकत्र ठेवून बघ. एक वर्ष बाहेर काढलंस की तुझ्याकडचं जादाचं वर्ष संपलं. मग परत आल्यावर एकही महिना वाया जाऊन चालत नाही, आणि आपल्याकडच्या ऑफिसांत महिने कसे जातात ते तुला माहीत आहे.

मी २०१७च्या ऑक्टोबरमध्ये परतले. तेव्हा सांगण्यात आलं, "शाळा वाटून झाल्या, आता पुढच्या वर्षी या." जानेवारीत गेले तर, "फाइल विद्यापीठात पाठवलीय." मार्चमध्येही तेच. जूनमध्ये खिडकीवर दुसरे गृहस्थ होते. त्यांनी आवक रजिस्टर माझ्यासमोर उघडलं, बोट फिरवत तीन पानं बघितली आणि म्हणाले, "तुमचा अर्जच आलेला नाही, मॅडम." फाइल विद्यापीठात कधी गेलीच नव्हती. ऑगस्ट २०१८ला तीन वर्षं पुरी होणार होती. इंटर्नशिप आणि चौथं सेमिस्टर त्यात बसणं शक्य नव्हतं. भरलेले पाच आठवडेही गेले. पुन्हा सीईटी, पुन्हा पहिलं वर्ष, तीच पाठ टाचणं नव्या वहीत. पास झाले तोवर २०२० उजाडलं होतं आणि शाळांना कुलूप होतं.

पण खरी किंमत त्याहून मोठी आहे आणि ती मला तेव्हा दिसलीसुद्धा नाही. डिसेंबर २०१७मध्ये शिक्षक भरतीची पहिली अभियोग्यता चाचणी, टीएआयटी, झाली. माझ्या तुकडीतल्या चौघी तिला बसल्या. मी गावात होते, अभ्यासही होता, पण हातात बी.एड. नव्हतं. वाटलं, पुढच्या वर्षी देऊ. त्यानंतरची टीएआयटी थेट फेब्रुवारी २०२३मध्ये झाली. मधली वर्षं मी एका खासगी शाळेत महिना नऊ हजारांवर काढली आणि बाबांनी माझ्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते त्यांच्या पेन्शनमधून भरले. पवित्र पोर्टलवरून (राज्य सरकारचं शिक्षक भरतीचं संकेतस्थळ) नेमणूक मिळाली ती २०२४ला. हे लिहिताना अजूनही हात थांबतो. एका पोचेच्या कागदावर एवढं अवलंबून असेल असं कुणाला वाटेल?

बरं, माझ्या एम.ए.चाही तेव्हा इथे उपयोग नव्हता. ब्रिटनची एक वर्षाची मास्टर्स आपल्याकडे दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीची धरत नसत. ती धरण्याचा भारत-ब्रिटन करार झाला जुलै २०२२मध्ये. आता यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२५चे समकक्षतेचे नवे नियमही आले आहेत, त्यामुळे एम.ए.च्या बाबतीत तुझी वाट माझ्यापेक्षा बरीच सोपी आहे. पण एनसीटीईसारख्या, कायद्याने स्थापलेल्या परिषदांच्या ताब्यातल्या पदव्या त्या नियमांच्या बाहेर आहेत. म्हणजे शिक्षक म्हणून पात्रतेचा प्रश्न एनसीटीईकडेच राहतो. तुझं एम.ए. कितीही चांगल्या विद्यापीठाचं असलं तरी ते बी.एड.ची जागा घेणार नाही.

आणि तिकडेही घेत नाही, हे एजंट सांगत नाहीत. एम.ए. एज्युकेशन हा शिक्षणाविषयीचा अभ्यास आहे, शिक्षक घडवणारा कोर्स नाही. इंग्लंडमध्ये शिक्षक व्हायचं तर क्यूटीएस (शिक्षक म्हणून तिथली अधिकृत पात्रता) हवं, आणि त्यासाठीचा नेहमीचा रस्ता म्हणजे पीजीसीई हा पदवीनंतरचा शिक्षक प्रशिक्षणाचा कोर्स: किमान दोन शाळांमध्ये मिळून किमान १२० दिवस. त्यातही 'इंटरनॅशनल' शब्द लावलेले काही पीजीसीई आहेत, ज्यातून क्यूटीएस मिळत नाही. विचारताना नेमका हाच प्रश्न विचार: "या कोर्समधून क्यूटीएस मिळतं का?" हो किंवा नाही, तेही ई-मेलवर. एजंटला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, त्याच्या तोंडी उत्तरावर जाऊ नकोस.

आता उलट बाजू बघ. फेब्रुवारी २०२३पासून भारतात पात्रता मिळवलेल्या शिक्षकांना इंग्लंडच्या क्यूटीएससाठी इथल्या पात्रतेवरच अर्ज करता येतो. भारतासाठी विषयांची अट आहे: गणित, विज्ञान किंवा भाषा, आणि वयोगट ११ ते १६. तू विज्ञानाची आहेस असं लिहिलंयस. म्हणजे पूर्ण झालेलं बी.एड. आणि शाळेतला थोडा अनुभव तुला तिथेही दार उघडून देईल, अर्धवट बी.एड. दोन्हीकडे कुठेच मोजलं जाणार नाही. (अटी बदलत असतात, अर्ज करण्याआधी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाच.)

हे सगळं वाचून तू विचारशील, मग गेलात त्याचा पश्चात्ताप होतो का? अजिबात नाही. त्या वर्षाने मला जे दिलं ते इथे दोनदा बी.एड. करूनही मिळालं नसतं.

पहिले सहा आठवडे मी सेमिनारमध्ये तोंड उघडलं नाही. वाचन केलेलं असायचं. मुद्दा मनात मराठीत तयार व्हायचा, तो इंग्रजी वाक्यात बसेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असायची. इथे बी.एस्सी.ला पहिल्या बाकावर बसून उत्तरं देणारी मी तिथे गप्प मुलगी झाले. एका मुलीने सहानुभूतीने विचारलं, "तुला विषय कळतोय ना?" विषय मला तिच्यापेक्षा जास्त कळत होता.

त्याच सत्रात पुढे मी दर गुरुवारी ब्रॅडफर्डच्या एका प्राथमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून जायला लागले. त्या शहरात घरी पंजाबी, उर्दू, पोलिश, स्लोव्हाक बोलणारी भरपूर मुलं. वर्गात स्लोव्हाकियाहून आलेली सहा वर्षांची एक मुलगी होती. ती ख्रिसमसपर्यंत एक शब्द बोलली नाही. बाईंनी तिला एकदाही उभं करून प्रश्न विचारला नाही. चित्रांची कार्डं दिली, एक मुलगा जोडीला दिला, ती बोट दाखवून उत्तर द्यायची आणि ते उत्तर म्हणूनच धरलं जायचं. फेब्रुवारीत एका गुरुवारी ती शेजारच्या मुलाला म्हणाली, "माय टर्न." बाईंनी काहीच बोलून दाखवलं नाही, फक्त वहीत तारीख टाकून ते दोन शब्द लिहून ठेवले.

त्या संध्याकाळी बसमध्ये मला मिरजेच्या शाळेतला माझा आठवीचा मुलगा आठवला. इंटर्नशिपच्या त्या पाच आठवड्यांतला. जत तालुक्यातून आलेला, घरी कन्नड. मी विज्ञानाचा प्रश्न विचारला की तो उभा राहायचा आणि खाली बघायचा. माझ्या अहवालात मी त्याच्याबद्दल लिहिलं होतं, "वर्गात सहभाग नाही, लक्ष देत नाही." आवक रजिस्टरमध्ये माझा अर्ज न सापडणं हे माझ्यावर झालेलं. हे मी त्याच्यावर केलेलं.

भावी शिक्षकावर परदेशातल्या शिक्षणाचा खरा परिणाम होतो तो इथे, असं माझं ठाम मत आहे. तिथल्या शाळांतल्या रंगीत भिंती आणि टॅब बघून आलेला माणूस महिनाभरात विसरतो. परक्या भाषेत मुकं होऊन बसलेला विसरत नाही. मेळघाटातलं घरी कोरकू बोलणारं मूल मराठी पुस्तक उघडतं तेव्हा त्याचं काय होतं, हे मानसशास्त्राच्या पेपरात लिहून मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. कळलं मात्र त्या सेमिनारच्या खोलीत. आज माझ्या वर्गात कुपवाड एमआयडीसीत काम करणाऱ्यांची हिंदी-भोजपुरी बोलणारी मुलं आहेत, दोन कन्नड आहेत. पहिले तीन महिने त्यांना उभं करत नाही. आधी त्यांच्या भाषेत शेजाऱ्याला सांगू देते.

तिथून आणलेली दुसरी गोष्ट म्हणजे छोटे पांढरे फळे. प्रत्येक मुलाकडे एक, प्रश्न विचारला की सगळ्यांनी लिहून एकदम वर धरायचं. पाच सेकंदांत बाईंना कळतं किती जणांना आलं. माझ्या वर्गात ५८ मुलं आहेत. मी पाट्या आणल्या. आपल्याच जुन्या, खडूच्या. उत्तम चालतं, करून बघ.

परत आल्यावरचं एक सांगते, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. खासगी शाळेत पहिल्या वर्षी मी शिक्षक खोलीत सारखी "तिकडे असं करतात" म्हणायचे. वीस वर्षं साठ-साठ मुलं सांभाळणाऱ्या बाईंना ते कसं लागत असेल याचा मी विचार केला नाही. डबा खाताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली तेव्हा लक्षात आलं. तिकडेही सगळं गोड नाही. तपासणीचा फोन आला की त्या ब्रॅडफर्डच्या शाळेत सगळ्यांचे चेहरे उतरायचे, आणि चांगले शिक्षक थकून सोडून जाताना मी बघितले आहेत. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत किंडरगार्टनची पद्धत शिकून घेतली आणि १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते इथल्या विधवा मुलींसाठी, इथल्या गरजेप्रमाणे. 'तिकडे' हा शब्द न उच्चारता काम सुरू कर, लोक आपणहून विचारायला येतात.

तर तू आता काय करावंस, माझ्या मते: तिकडच्या विद्यापीठाला आजच ई-मेल टाक की प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का. बरीच विद्यापीठं ढकलू देतात. डिपॉझिट भरण्याआधी विचार, नंतर परताव्याचे वांधे होतात. स्कॉलरशिप असेल तर ती पुढे नेता येते का हे वेगळं विचार, ती बहुतेक वेळा आपोआप पुढे जात नाही.

आणि तरीही यंदाच जायचं ठरवलंस, तर निदान माझ्यासारखी जाऊ नकोस. प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज, त्यात प्रवेशाची तारीख, भरलेले आठवडे, बाकी आठवडे, आणि परतल्यावर कोणत्या महिन्यापासून ते भरता येतील हा थेट प्रश्न. दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. इथल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला वेगळा अर्ज, त्याचीही पोच. लेखी उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नकोस. उत्तर येत नसेल तर माहिती अधिकारात विचार, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

जाता जाता एक: तिथे शाळेत स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट इथूनच काढून ने. तिथे गेल्यावर तेच मागतात आणि मग दोन महिने वाट बघत बसावं लागतं. माझा पहिला गुरुवार नोव्हेंबरच्या शेवटी उगवला तो त्यामुळेच.

मी वकील नाही, कुठल्या समितीवरही नाही. बी.एड.च्या नियमांचे नवे मसुदे येताहेत, तुझ्या तुकडीला कोणते लागू होतात ते कॉलेजकडून लेखी घे, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. माझ्या माहितीत एक मुलगी अशीच जाऊन आली आणि तिची इंटर्नशिप सहज पूर्ण झाली, हेही सांगायला हवं. तिच्याकडे कागद होता.

तू पोस्टमध्ये प्रवेशाचं वर्ष लिहिलंयस, तारीख नाही. प्रवेश निश्चितीच्या पावतीवर कोणती तारीख आहे ते बघून इथे लिही. तीन वर्षं तिथून मोजायला लागू, मग नेमके किती महिने हातात आहेत ते सांगते.