महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात कोरोनाकाळातील सरकारी धोरणे कितपत परिणामकारक ठरली?

माझ्या मते लसीकरण आणि आशाताईंची घरोघरची पाहणी सर्वाधिक उपयोगी ठरली. 25 मार्च 2020 पासूनच्या देशव्यापी टाळेबंदीने रुग्णालयांना तयारीसाठी अवधी दिला, हेही मान्य करावे लागेल. परंतु 2021 मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यांना 72 तासांच्या आतील आरटीपीसीआर अहवाल बंधनकारक झाला, तेव्हा ज्यांचे शेत निपाणीकडे, बाजार कागल-कोल्हापुरात आणि सोयरिक दोन्हीकडे आहे, अशा सामान्य माणसांना सीमेवरचा कोगनोळी तपासणी नाका फार जाचक वाटला. अशा ठिकाणी बेळगाव आणि कोल्हापूर या जिल्ह्यांच्या प्रशासनांनी नियम एकत्र बसूनच ठरवायला हवेत. शिवाय लसीविषयीची माहिती, विशेषतः खानापूर-निपाणीतील वृद्धांसाठी, कन्नडबरोबर मराठीतही तितक्याच तत्परतेने पोहोचणे अत्यंत आवश्यक आहे, कारण न समजलेली सूचना पाळली जात नाही.