थरांत बसवलेला उत्प्रेरक कशाच्या जोरावर टिकतो?

प्रश्न : रोडियम, कोबाल्ट अशा धातूंचे कॉम्प्लेक्स (धातूच्या अणूभोवती इतर रेणू किंवा आयन जोडलेली संयुगे) द्रावणात विरघळून उत्प्रेरकाचे काम उत्तम करतात. मग ते चिकणमातीसारख्या पदार्थाच्या थरांमध्ये बसवण्याचा खटाटोप कशासाठी, आणि ते तिथे खरोखर टिकतात का?

उत्तर : विरघळलेला उत्प्रेरक अभिक्रियेनंतर वेगळा काढणे कठीण असते आणि रोडियमसारखा महाग धातू त्यात वाया जातो, थरांत अडकलेला उत्प्रेरक मात्र गाळून परत मिळवता येतो.

त्याला धरून ठेवतो तो विद्युतभार. मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीतल्या खनिजाचे सिलिकेट थर जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे असतात, आणि त्यांतल्या काही ॲल्युमिनियमची जागा मॅग्नेशियमने घेतलेली असल्यामुळे थरांवर ऋणभार असतो. तो भार तोलणाऱ्या सोडियम आयनांच्या जागी धनभारित कॉम्प्लेक्स शिरतात. हायड्रोटाल्साइट या दुसऱ्या थरदार खनिजाच्या कुळात हेच उलट घडते: तिथे थर धनभारित असतात, त्यामुळे ऋणभारित कॉम्प्लेक्स आत सामावतात. ऋणभारित सल्फोनेट गट जोडलेले कोबाल्ट थॅलोसायनिन (कोबाल्टभोवती सपाट, मोठे सेंद्रिय कडे असलेले कॉम्प्लेक्स) हे त्याचे बोलके उदाहरण आहे. द्रावणात त्याचे रेणू एकमेकांवर रचले जाऊन निष्क्रिय होत जातात, तर थरांत बसवल्यावर थायोल या गंधकयुक्त सेंद्रिय संयुगांच्या ऑक्सिडीकरणात त्याची क्रियाशीलता अधिक काळ टिकते. माझ्या मते हा लाभ गाळण्याच्या सोयीपेक्षाही मोलाचा आहे.

कॉम्प्लेक्स आत शिरले की नाही, हे क्ष-किरण विवर्तन सांगते; म्हणजे नमुन्यावर क्ष-किरण टाकून ते कोणत्या कोनांत परावर्तित होतात, यावरून थरांमधले अंतर मोजता येते. सुक्या सोडियम मॉन्टमोरिलोनाइटमध्ये एका थरापासून दुसऱ्या थरापर्यंतचे अंतर (थराची स्वतःची जाडी धरून) सुमारे ०.९६ नॅनोमीटर असते. मोठा रेणू मध्ये बसला की ते वाढते आणि आलेखातले शिखर कमी कोनाकडे सरकते. शिखर जागचे हलले नसेल, तर कॉम्प्लेक्स बाहेरच्या पृष्ठभागावरच चिकटले असण्याची शक्यता मोठी.

टिकण्याबाबत मात्र सावध राहायला हवे. द्रावणात मिठाचे आयन असतील, तर ते कॉम्प्लेक्सला बाहेर ढकलू शकतात. अभिक्रियेदरम्यान कॉम्प्लेक्सचा भारच नाहीसा झाला, तर थरांची पकड सुटते. म्हणून निव्वळ पुनर्वापर करून दाखवणे हा पुरेसा पुरावा मानू नये. अभिक्रिया अर्धवट झालेली असताना मिश्रण गरम असतानाच गाळावे आणि गाळलेले द्रावण त्याच तापमानाला पुढे चालू ठेवावे. उत्पादित वाढतच राहिले, तर क्रियाशील धातू द्रावणात उतरला आहे असे समजावे. वाढ थांबली तरी त्या द्रावणातल्या धातूचे प्रमाण मोजावे, कारण निष्क्रिय होऊन निसटलेला धातू या चाचणीत दिसत नाही.