मणी न फोडता साखर कळेल का?

प्रश्न : सर, मी निफाडचा, घरी द्राक्षबाग आहे आणि नाशिकला एमएस्सी केमिस्ट्री करतोय. काढणीच्या टायमाला ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघायला मणी चिरडून थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकतो, पण तो मणी फक्त स्वतःचंच सांगतो, शेजारच्या घडाचं नाय. लेक्चरला ऐकलं की पॉलिमरचे लाइट सेन्सर हवे तसे डिझाइन करता येतात. मग साखर ओळखणारा पॉलिमर होईल का?

उत्तर : आज रात्री टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यापुढे धरून बटण दाब, जांभळट ठिपका दिसेल, डोळ्याला मात्र काहीच नाही. तो 940 नॅनोमीटरच्या आसपासचा इन्फ्रारेड. तुझं कामही याच पट्ट्यात आहे, कारण हा उजेड सालीतून आत जातो आणि मण्यातलं पाणी 970 च्या आसपास तो शोषतं, साखरेच्या खुणाही तिथेच पाण्यात मिसळलेल्या असतात.

आता पॉलिमर. लॅबमधला नेहमीचा पी3एचटी घे, विरघळला की नारिंगी आणि काचेवर फिल्म केली की जांभळा, बघायला भारी वाटतो, पण 650 च्या पुढे आंधळा. हिशोब सोपा आहे, 1240 ला बँडगॅपने, म्हणजे इलेक्ट्रॉनला उडी मारायला लागणाऱ्या ऊर्जेने, भागायचं, गॅप 1.9 इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणून 650, आणि तुला 970 गाठायचं तर गॅप 1.28 पर्यंत खाली आणावा लागेल. त्यासाठी पॉलिमरच्या साखळीत इलेक्ट्रॉन देणारा तुकडा आणि ओढणारा तुकडा आलटून पालटून जोडतात. ओढणाऱ्यांत डीपीपी फेमस आहे, त्याच घराण्यातलं पिगमेंट गाड्यांच्या लाल पेंटमध्ये असतं बरं का. बाजूला कार्बनच्या लांब शेपट्या लावायच्या, नाहीतर माल विरघळतच नाही आणि मग फिल्म कशाची करणार.

इथवर सगळे खूश असतात, खरी गोची पुढे आहे. गॅप जेवढा कमी तेवढे इलेक्ट्रॉन नुसत्या उष्णतेनेच उड्या मारतात, म्हणजे अंधारातही करंट वाहतो, आणि मण्यातून येणारा मिणमिणता सिग्नल त्यात बुडून जातो. त्यात इलेक्ट्रोडमधूनही चार्ज आत घुसतात, म्हणून फिल्म जाड करतात, मध्ये अडवणारे थर देतात. माझ्या मते रंग जुळवणं हे अर्धं पण काम नाही, अंधारात गप्प बसणारा पॉलिमर बनवणं हेच खरं डिझाइन.

आणि मनातलं सांगू का, हातात धरायच्या यंत्राला साधा सिलिकॉन पुरतो, त्याला 1100 पर्यंत दिसतं आणि तो स्वस्तही आहे. पॉलिमरची मजा तेव्हा, जेव्हा शाईसारखा छापून अख्ख्या घडाभोवती गुंडाळता येईल असा सेन्सर हवा असेल. डेझर्टेशनला घेतलास तर पहिल्या दिवसापासून डार्क करंट मोज. आणि घरी आत्ताच सांगून ठेव, थॉमसन या हिरव्या जातीवर केलेलं कॅलिब्रेशन काळ्या द्राक्षाला चालेलच असं नाही, त्यामुळे प्रत्येक जातीचे ढीगभर मणी आधी रिफ्रॅक्टोमीटरवर फोडावेच लागतील.